विश्लेषण : लाल गोल, निळा त्रिकोण... पॅरिसमधला धडा ठाणे जिल्ह्यातील अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक कोण होत्या?

बालवर्गाच्या प्रवेशाचे दिवस आले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील पालकांची धावपळ सुरू होते. शाळा घरापासून किती लांब, शुल्क किती, इंग्रजी कधीपासून, एखादी परदेशी भाषा शिकवतात का, अशा प्रश्नांची यादी तयार असते. तीन वर्षांच्या मुलाने रंगांची इंग्रजी नावे घडाघडा म्हटली की पाहुण्यांपुढे त्याचे कौतुक होते. आता तर मोबाइलवरची गाणी ऐकून काही मुले लाल रंगाला रूज आणि पिवळ्याला जोन अशी फ्रेंच नावेही म्हणू लागली आहेत.

योगायोग असा की, मुलांच्या हातात ठोकळे आणि रंगीत तुकडे देऊन रंग-आकार शिकवण्याची पद्धत मुळात फ्रान्समध्येच आकाराला आली. ती इटलीमार्गे भारतात पोहोचली. सुरुवातीला ती शहरांतील सुस्थितीतल्या मुलांपुरतीच होती. तिला तिथून बाहेर काढून गरिबांच्या अंगणापर्यंत नेण्याचे काम झाले ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावात. ते करणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या आयुष्याचा आणि त्यांच्या प्रयोगाचा हा आढावा.

कोण होत्या ताराबाई मोडक?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या माहेरच्या केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, तर आई उमाबाई यांचा विवाह हा विधवाविवाह होता. ज्या काळात विधवेच्या पुनर्विवाहावर समाज बहिष्कार टाकत असे, त्या काळात अशा घरात मुलगी वाढली. तिला शिकवायचे की नाही, हा प्रश्न या घरापुढे नव्हता.

१९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यानंतर अमरावतीतील वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली. मात्र हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरी लहान मूल असताना नवऱ्याचे घर सोडणाऱ्या स्त्रीकडे शंभर वर्षांपूर्वीचा समाज कसा पाहत असेल, याची कल्पना करता येते. ताराबाईंनी नोकरी धरली आणि मुलीला घेऊन त्या सौराष्ट्रात गेल्या.

बालशिक्षणाकडे त्या कशा वळल्या?

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजमध्ये ताराबाई प्राचार्य झाल्या. हे कॉलेज शिक्षिका घडवणारे होते. चांगले पद, नियमित पगार आणि मान, एकट्या आईला हवे असलेले सारे काही तेथे होते.

त्याच सुमारास शेजारच्या भावनगरमध्ये गिजुभाई बधेका हे पूर्वाश्रमीचे वकील एक वेगळा प्रयोग करत होते. मारिया मॉन्टेसरी यांचे लेखन वाचून ते भारावले होते आणि त्यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. तेथे मुलांना मारत नसत, पाठांतराची सक्ती नव्हती, परीक्षेची भीती नव्हती. मूल आपल्या आवडीचे साधन उचलायचे, सतरंजीवर बसायचे आणि मन भरेपर्यंत त्याच्याशी काम करायचे.

ताराबाई राजकोटचे पद सोडून भावनगरला गेल्या. पुढची नऊ-दहा वर्षे त्यांनी गिजुभाईंबरोबर काम केले. मुलांना शिकवणे, शिक्षक तयार करणे, पालकांसाठी लिहिणे आणि मुलांसाठी पुस्तके तयार करणे अशी कामाची चार टोके होती. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे मुखपत्र असलेल्या शिक्षण पत्रिकेतून बालशिक्षणाचा विचार आधी गुजरातीत आणि पुढे ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीत घरोघरी पोहोचू लागला.

रंग-आकारांचा धडा फ्रान्समधून कसा आला?

ताराबाईंनी पुढे काय बदल केला हे समजण्यासाठी या पद्धतीचा उगम पाहावा लागतो. १८०० मध्ये दक्षिण फ्रान्समधील आवेराँ भागात जंगलात एकटा राहिलेला सुमारे बारा वर्षांचा मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हते. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेतील तरुण डॉक्टर ज्याँ इतार यांनी त्याला शिकवण्याची जबाबदारी घेतली. मुलाचे नाव व्हिक्टर ठेवण्यात आले.

इतार यांनी एका फळीवर तीन कागद चिकटवले : लाल गोल, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन. तशाच रंगाचे आणि आकाराचे पुठ्ठे व्हिक्टरच्या हाती देऊन त्याने ते योग्य जागी टांगावेत, अशी अपेक्षा होती. व्हिक्टरने ते जमवले. पण तो आकार ओळखतो की रंग, की नुसती जागा लक्षात ठेवतो, हे कळत नव्हते. म्हणून इतार यांनी जागा बदलल्या. मग आकार तेच ठेवून रंग बदलले, रंग तेच ठेवून आकार बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे मुलाला नेमके काय समजले ते कळते, हे तत्त्व या फळीतून पुढे आले. व्हिक्टर शेवटपर्यंत नीट बोलू शकला नाही, पण त्याच्यासाठी केलेला धडा टिकला.

इतार यांचे शिष्य एदुआर सेगाँ यांनी बौद्धिक विकास मंद असलेल्या मुलांसाठी ही साधने आणखी विकसित केली. पुढे रोममध्ये डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी या दोन्ही फ्रेंच डॉक्टरांचे लेखन इतके बारकाईने अभ्यासले की त्याचे इटालियन भाषांतर त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. जी साधने विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी होती, ती सर्वच मुलांना उपयोगी पडतात, हे तेथे दिसून आले.

तीन पायऱ्यांचा धडा म्हणजे काय?

आजही अनेक बालवर्गांत वापरला जाणारा हा धडा सेगाँ यांचा आहे. समजा, मुलासमोर एक लाल आणि एक निळी पट्टी आहे. पट्ट्या एकाच मापाच्या, एकाच वजनाच्या, फरक फक्त रंगाचा. पहिल्या पायरीवर शिक्षिका एक पट्टी दाखवून नाव सांगते : हा लाल. दुसरीला : हा निळा. इतकेच, जास्त बोलायचे नाही. दुसऱ्या पायरीवर ती मुलाला लाल पट्टी द्यायला सांगते, मग निळी. इथे मुलाला बोलावे लागत नाही, फक्त ओळखावे लागते. तिसऱ्या पायरीवर ती पट्टी दाखवून विचारते, हा कोणता रंग?

बहुतेक घरांत नेमकी चूक इथे होते. मोठी माणसे पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात. मधली पायरी, म्हणजे ओळखण्याची आणि हाताळण्याची, सर्वांत जास्त वेळ मागते. मूल चुकले तर त्याला नाही असे म्हणायचे नाही, रागवायचे नाही, धडा आवरता घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करायची, असा या पद्धतीचा नियम आहे.

साधनांच्या रचनेमागेही हाच विचार असतो. मॉन्टेसरींच्या प्रसिद्ध मनोऱ्यातील दहाही ठोकळे एकाच गुलाबी रंगाचे असतात. सर्वांत लहान ठोकळा एक सेंटीमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटीमीटरचा. रंग एकच असल्याने मुलाचे लक्ष फक्त आकारमानाकडे जाते. मनोरा चुकीचा रचला तर तो डोळ्यांनाच खटकतो, शिक्षिकेला चूक दाखवावी लागत नाही.

मग अडचण कोणती होती?

अडचण पैशांची होती. ही साधने अचूक मापाची लागतात, त्यासाठी चांगले लाकूड आणि कसबी सुतार हवा. भारतात ती परवडणारी घरे आणि शाळा मोजक्याच होत्या. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत भारतात आली ती शहरी, सुशिक्षित आणि सुस्थितीतल्या वर्गाची होऊन.

ताराबाई १९३०च्या दशकात मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांतील मुले तेथे येऊ लागली, शिक्षिका तयार होऊ लागल्या. काम नावाजले जात होते. १९३९ मध्ये खुद्द मॉन्टेसरी भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. त्यांच्या प्रशिक्षण वर्गांमुळे देशभर या पद्धतीची चर्चा वाढली.

मात्र अडीच ते सहा वर्षे हे वय सर्वांत महत्त्वाचे असेल, तर ते गरीब मुलाच्याही आयुष्यात येतेच. दादरच्या मुलाला रंगीत पट्ट्या मिळणार आणि खेड्यातल्या मुलाला काहीच नाही, तर पहिलीच्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच दोघांमध्ये अंतर पडणार. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेल्या ताराबाईंना हे अंतर स्वस्थ बसू देत नव्हते.

बोर्डीच का?

डोंबिवलीहून बोर्डीला जायचे तर आज दिवा-वसई मार्गाने वसई गाठावी लागते आणि तेथून डहाणूच्या पुढे घोलवड. चिकूच्या वाड्या आणि समुद्र यांच्या मधले हे गाव आता पालघर जिल्ह्यात येते, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन झाले. ताराबाईंच्या काळात ते ठाणे जिल्ह्याचेच टोक होते. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे तेथील हायस्कूलचा लौकिक होता. म्हणजे शिक्षणाला अनुकूल असे वातावरण गावात आधीच होते.

पण गावाच्या थोडे बाहेर पडले की चित्र बदलायचे. डहाणू, तलासरी, उंबरगाव पट्ट्यातील वारली कुटुंबे जमीनदारांच्या वेठबिगारीत अडकलेली होती. १९४५ हे वर्ष गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील वारल्यांच्या लढ्याचे. त्याच वर्षी, त्याच भागात, अगदी वेगळ्या मार्गाने ताराबाईंनी काम सुरू केले. बोर्डीत नूतन बालशिक्षण संघाच्या वतीने ग्राम बालशिक्षा केंद्र उभे राहिले. दादरचे सुस्थिर काम मागे ठेवून त्या गावात राहायला आल्या तेव्हा त्यांचे वय ५३ होते.

याच सुमारास कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. बालपणीच लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई स्वतःच्या जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि पुन्हा परत गेल्या नाहीत.

बालवाडीची अंगणवाडी कशी झाली?

गावात बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. दलित वस्तीतील मुलांना गावाच्या मध्यभागी यायला संकोच होता, आणि अस्पृश्यतेच्या त्या काळात तो निराधार नव्हता. घरातली मोठी माणसे मजुरीला जात. तीन-चार वर्षांच्या मुलाला तयार करून वेळेवर शाळेत पोहोचवणार कोण? मोठी बहीण असली तर ती धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळायची. तिचीही शाळा बुडायची.

ताराबाईंनी शोधलेला उपाय साधा होता. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जायचे. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात वर्ग भरू लागला. गावाच्या मध्यभागी नियमित वेळेत चालणारी मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवर भरणारी अंगणवाडी, असे दोन प्रकार त्यातून तयार झाले.

अंगणातल्या वर्गाची सुरुवात रंगांपासून होत नसे. आधी हात-पाय धुणे, अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात हे सारे आयांच्या डोळ्यांसमोर चाले. त्यामुळे शिक्षण मुलांपुरते राहिले नाही. भिंतीआडच्या वर्गात जे पालकांना कधी दिसले नसते, ते येथे उंबरठ्यात बसून पाहता येत होते.

रंग-आकारांची साधने कुठून आली?

परिसरातून. बोर्डीला समुद्र होता, म्हणजे शंख-शिंपले होते. झाडे होती, म्हणजे पाने, फुले, बिया आणि फळे होती. खडे, माती, बांबू यांना पैसे पडत नव्हते. लहान-मोठे शिंपले क्रमाने लावणे, बिया रंगांप्रमाणे वेगळ्या करणे, पानांचे आकार जुळवणे, मातीचे गोळे वळणे, जमिनीवर रांगोळीसारख्या आकृत्या काढणे, ही साधने तुटली-हरवली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा करता येत.

वरवर पाहता ही तडजोड वाटेल. प्रत्यक्षात तत्त्व तेच राहिले आणि फक्त वस्तू बदलली. एकाच झाडाच्या पानांत कोवळ्या पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत छटा असतात. त्या क्रमाने लावणे म्हणजे मॉन्टेसरींच्या रंगपट्ट्यांचाच खेळ. बाजारातील पट्टीवर नसलेला गंध आणि स्पर्श पानाला असतो, हा वरचा फायदा. रानात वाढलेल्या वारली मुलाला झाडे शहरातल्या शिक्षिकेपेक्षा जास्त ठाऊक होती. त्यामुळे पहिल्याच दिवशी ते मूल वर्गात अडाणी ठरत नव्हते. शिकवण्याचे साहित्य त्याच्या ओळखीचे होते आणि हाच या बदलाचा सर्वांत मोठा परिणाम म्हणावा लागेल.

कोसबाडला काय घडले?

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता प्रश्न आदिवासी पाड्यांचा होता. तेथे विकासवाडी ही कल्पना रुजली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असल्याने धाकटे भावंड पाळणाघरात ठेवून मोठी मुलगी शेजारच्या वर्गात बसू शकत होती. मुलींची गळती रोखण्यासाठी केलेला हा अतिशय व्यवहारी उपाय होता.

तरीही गुरे राखणारी मुले शाळेत येत नव्हती. त्यांनी गुरे सोडली तर घरचे पोट अडत होते. मग शाळाच कुरणात गेली. गुरे चरत असताना मुलांना शिकवणारी ही कुरणशाळा. अंगणवाडीमागे जो विचार होता, तोच येथे पुन्हा दिसतो : मूल शाळेच्या सोयीने वागू शकत नसेल, तर शाळेने मुलाच्या सोयीने वागावे.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत पुढे नेले. एकट्याने मूल वाढवणाऱ्या ताराबाईंच्या खासगी आयुष्यातील ओढाताण मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली ती रत्नाकर मतकरी यांच्या घर तिघांचं हवं या नाटकातून. हे नाटक ताराबाईंच्या जीवनावर बेतलेले आहे.

सरकारी अंगणवाडीशी नाते काय?

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात देशातील ३३ प्रकल्पांपासून झाली. या योजनेच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांतही अंगणवाड्या आहेत.

योजनेत सहा सेवा आहेत : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. लोकांच्या मनात मात्र अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा एवढीच प्रतिमा उरली आहे. ताराबाईंच्या अंगणात जे केंद्रस्थानी होते ते शिक्षण यादीत शेवटी ढकलले गेले. कार्यकर्तीवर सर्वेक्षणे, नोंदी आणि मोबाइल अॅप भरण्याचा भार असेल, तर बिया-पाने घेऊन मुलांसोबत जमिनीवर बसायला तिला वेळ कधी मिळणार, हा खरा प्रश्न आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. या टप्प्याला औपचारिक मान्यता मिळाली, पण अंगणवाडीतील मूल आणि खासगी बालवर्गातील मूल यांच्यातील अंतर आपोआप मिटणार नाही.

मग फ्रेंच रंग शिकवू नयेत का?

जरूर शिकवावेत. लहान मुले एकापेक्षा जास्त भाषा सहज ऐकतात आणि उचलतात. फ्रेंच आणि मराठीत तर गमतीची साम्ये आहेत. मराठीत हिरवा पतंग, हिरवी काडी, हिरवे पान असा बदल होतो. फ्रेंचमध्येही हिरव्याचे रूप पुल्लिंगी वस्तूसाठी व्हेर आणि स्त्रीलिंगी वस्तूसाठी व्हेर्त होते. इंग्रजीत हा प्रकारच नाही. फ्रेंचमध्ये गुलाबी रंगाला गुलाबाचेच नाव आहे, तर तपकिरीसाठी एक शब्द चेस्टनट या फळावरून आला आहे. मराठीतही जांभळावरून जांभळा, पोपटावरून पोपटी, आमसुलावरून आमसुली आणि तपकिरीवरून तपकिरी.

अडचण भाषेची नाही, क्रमाची आहे. इतार यांच्या फळीपासून ताराबाईंच्या अंगणापर्यंत एक गोष्ट कायम राहिली : आधी वस्तू हातात, मग डोळ्यांनी फरक ओळखणे आणि शेवटी नाव. ज्या मुलाने आमसूल पाहिले, चाखले, हाताला लावून घेतले, त्याला त्या रंगासाठी मराठी, इंग्रजी किंवा फ्रेंच कोणताही शब्द दिला तरी तो चिकटतो. ज्याने फक्त पडद्यावरचे गाणे पाठ केले, त्याच्याकडे शब्द असतो, पण भाजीच्या टोपलीतून त्या रंगाची वस्तू काढून दे म्हटले की तो गोंधळतो.

हे तपासायला शुल्क लागत नाही. घरातल्या डाळी, कडधान्ये, बटणे, भांड्यांची झाकणे आणि सोसायटीच्या आवारात गळलेली पाने पुरेशी आहेत. सोबत मोठ्या माणसाची दहा-पंधरा मिनिटे हवीत आणि मूल चुकले तर गप्प राहण्याचा संयम. ताराबाईंनी बोर्डीच्या अंगणात याहून जास्त काही मागितले नव्हते.